शिकाऱ्याने कॅमेरा कोणता निवडावा?



शिकारीवरील जुनी इंग्रजी पुस्तके ज्यांनी चाळली असतील, त्यांना त्यांतील सामानाच्या यादीची ओळख असेलच. तंबू, कंदील, रायफली, काडतुसे, क्विनाइन, कातडी टिकवण्यासाठी तुरटी आणि मीठ अशी ही यादी लांबत जाते आणि शेवटी, जागा उरलीच तर, एखादा कॅमेरा सोबत असावा असे सुचवलेले असते. कोणता कॅमेरा, हे मात्र क्वचितच सांगितलेले असते. रायफलीच्या बोअरवर दहा पाने खर्च करणारा लेखक कॅमेऱ्याला दोन ओळींत निरोप देतो. शिकारीच्या वाङ्मयाचा अनुवाद करीत असताना या दोन ओळींनी माझे लक्ष वेधून घेतले. आज मी बोलणार आहे ते त्यांच्याविषयी.

आपल्या देशात हा प्रश्न आता वेगळ्या अर्थाने विचारावा लागतो, हे प्रथम मान्य केले पाहिजे. वाघाच्या शिकारीवर १९७० साली बंदी आली, १९७२ साली वन्यजीव संरक्षण अधिनियम झाला आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्पाला आरंभ झाला. हौसेखातर होणारी शिकार येथे संपली. परंतु ज्या काळात ती चालू होती त्या काळातील काही माणसांनी कॅमेऱ्याची निवड इतक्या विचारपूर्वक केली की, त्या निवडीचे परिणाम आजही आपल्या जंगलांत दिसतात. रायफल निवडताना माणूस आपल्याला काय हवे याचा विचार करतो. कॅमेरा निवडताना मात्र आपण काय सोडून द्यायला तयार आहोत, याचा निर्णय त्याला करावा लागतो. माझे आजचे सारे म्हणणे या एका मुद्द्याभोवती आहे.

भाषेपासून सुरुवात करतो, कारण तो माझा व्यवसाय आहे. ‘स्नॅपशॉट’ हा शब्द आपण घरोघरी वापरतो. तो मुळात शिकाऱ्यांचा आहे. नीट नेम न धरता, पक्षी उडताक्षणीच घाईने काढलेला बार म्हणजे स्नॅपशॉट. १८६० साली सर जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने तो छायाचित्रणाला लावला. पुढे १८८२ साली एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने तर खरोखरच बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा तयार केला. दस्ता खांद्याला लावायचा, नळी उडत्या पक्ष्यावर रोखायची आणि चाप ओढायचा. फिरत्या काचेवर एका सेकंदात बारा चित्रे उमटत. पक्ष्याचे पंख हवेत कसे हलतात हे त्याला पाहावयाचे होते. मराठीतही पाहा: आपण बंदुकीचा बार काढतो आणि छायाचित्रही काढतोच. इंग्रजी पुस्तकात ‘शॉट’ हा शब्द आला की तो कोणत्या नळीचा आहे हे मला दर वेळी मागचे-पुढचे वाचून ठरवावे लागते, आणि काही वेळा लेखकाने मुद्दामच ते ठरवू दिलेले नसते.

तथापि या दोन कृतींतील साम्य शब्दापुरतेच आहे. प्रत्यक्षात त्या एकमेकींच्या आड येतात. कशा, ते पाहण्यासाठी आपण काचेच्या प्लेटांच्या काळात जाऊ.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चांगले छायाचित्र म्हणजे मोठी लाकडी पेटी, जड तिपाई, डोक्यावरून घेतलेले काळे कापड आणि एकेक करून बदलावयाच्या काचा. अशा कॅमेऱ्यापुढे जे स्थिर राहील त्याचेच चित्र निघे. आणि जंगलातील जनावर स्थिर राहते ते मेल्यावर. त्या काळच्या शिकारीच्या छायाचित्रांत मेलेल्या वाघाशेजारी उभा असलेला साहेब किंवा राजा पुनःपुन्हा दिसतो. आपण त्याला त्या माणसांच्या हौसेचा किंवा गर्वाचा परिणाम समजतो. ते पुष्कळ अंशी खरे आहे. पण यंत्रालाही दुसरे काही जमत नव्हते, हे विसरता कामा नये. १९०२ साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन निजामाच्या राज्यात शिकारीला गेले असता राजा दीनदयाळ यांच्या चित्रशाळेने काढलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे. कर्झन आणि लेडी कर्झन मारलेल्या वाघापाशी उभे आहेत. रचना, उजेड, कपड्यांचा पोत, सारे उत्तम. त्या मोठ्या काचेवर वाघाच्या अंगावरचे केसही उमटावेत इतकी त्या तंत्राची ताकद होती. मात्र तो वाघ कसा चालत होता, हाका उठल्यावर कोणत्या नाल्याने आला, वळून त्याने कोणाकडे पाहिले, यांतील काहीही त्या चित्रात नाही आणि येणे शक्यही नव्हते.

अशी चित्रे पुरावा म्हणूनही फारशी भरवशाची नसतात. वाघाची लांबी मोजण्याच्या दोन रीती शिकाऱ्यांत होत्या. एकीत नाकाशी आणि शेपटीच्या टोकाशी खुंट्या ठोकून मधले सरळ अंतर मोजत. दुसरीत टेप पाठीच्या वळणांवरून फिरवीत नेत. साहजिकच दुसऱ्या रीतीने तोच वाघ काही इंचांनी लांब भरे. कॅमेऱ्याला हीच युक्ती आणखी सोपी होती. जनावर भिंगाजवळ ठेवावे, माणसाने त्याच्या मागे चार हात सरकून बसावे, म्हणजे साधा वाघ म्हशीएवढा दिसतो. टेपचा लबाडपणा ओळखणारे लोक छायाचित्राचा लबाडपणा मात्र बिनतक्रार स्वीकारीत.

पुढे रोल फिल्मचे लहान कॅमेरे आले. १८८८ साली ईस्टमन यांचा कोडॅक निघाला आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बंडीच्या खिशात मावेल असा घडीचा कॅमेराही मिळू लागला. शिकारीच्या सफरीसाठी हे फार सोयीचे साधन होते. छावणी, हत्ती, स्वयंपाकाची चूल, दिवसभर हाका करून दमलेली गावची माणसे हे सर्व त्याने टिपता येई. माझे स्वतःचे मत असे की, या लहान कॅमेऱ्यांनी काढलेली छावणीची चित्रे विजयचित्रांपेक्षा अधिक मोलाची आहेत. कारण हाकेवाल्यांची नावे बहुतेक पुस्तकांत येत नाहीत, पण त्यांचे चेहरे या चित्रांत तरी उरले.

जिवंत जनावराच्या बाबतीत मात्र लहान कॅमेरा हतबल ठरे. याचा हिशेब सोपा आहे. शेपूट सोडून वाघाचे शरीर सुमारे १.८ मीटर लांब धरा. तो चाळीस मीटरवरून आडवा चालला आहे. नेहमीच्या ५० मिलिमीटरच्या भिंगाने फिल्मवर त्याची प्रतिमा सव्वादोन मिलिमीटर लांबीची पडेल. आणि पस्तीस मिलिमीटर फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर रुंद असते. म्हणजे चौकटीत वाघ शोधावा लागेल. ३०० मिलिमीटरचे लांब भिंग लावले तर तीच प्रतिमा साडेतेरा मिलिमीटरची होते आणि पट्टे मोजता येतात. मग लांब भिंगच घ्यावे, असे कोणी म्हणेल. पण भिंग जितके लांब तितका हाताचा कंप अधिक जाणवतो. ३०० मिलिमीटरच्या भिंगाला, हात स्थिर असला तरी, सेकंदाच्या तीनशेव्या भागाइतकी जलद झडप हवी असा छायाचित्रकारांचा ठोकताळा आहे. वाघ मात्र बाहेर पडतो तो पहाटे आणि सांजावताना, साल वृक्षांच्या दाट सावलीत. त्या उजेडात एवढ्या जलद झडपेने जुन्या फिल्मवर काळोखाशिवाय काही उमटत नसे. त्यात आपण हत्तीवर बसलेलो असू तर विचारूच नका. हत्ती उभा असला तरी श्वास घेतोच, आणि त्याच्या श्वासाबरोबर हौदाही हलतो.

आणखी एक पेच आवाजाचा होता. १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याची कापडी झडप जवळजवळ निःशब्द असे. पण त्याच्या दर्शकातून लांब भिंगाचे दृश्य नेमके दिसत नसे. त्यासाठी वेगळी आरशाची पेटी जोडावी लागे. ज्या कॅमेऱ्यात भिंगातूनच पाहता येते, तो आरशाचा रिफ्लेक्स कॅमेरा लांब भिंगाला उत्तम. पण चाप दाबताच त्याचा आरसा वर आपटतो आणि त्या खटक्याने चितळ कान टवकारते. दोन भिंगांचा रोलीफ्लेक्स शांत खरा, पण त्याचे भिंग बदलता येत नाही. म्हणजे जंगलात जाणाऱ्याला शांतता, लांबची नजर आणि हलके ओझे यांपैकी काही ना काही मागे ठेवूनच निघावे लागे.

आता मुख्य अडचणीकडे येऊ. समजा, सर्व गुण असलेला कॅमेरा मिळाला. जनावर समोर आले. हातात काय घ्याल? शिकाऱ्याला दोनच हात असतात आणि जनावर दोन क्षणच दिसते. बंदूक उचलली तर कॅमेरा गळ्यात लोंबकळत राहतो आणि नंतर मेलेल्या जनावराचेच चित्र निघते. कॅमेरा उचलला तर बार जातो. बरोबर दुसरा माणूस घेऊन हा प्रश्न सुटतो असे वाटते. पण मचाणावर दोघे बसले की हालचाल दुप्पट होते. आणि चालून शिकार करताना दुसऱ्या माणसाचा पाय वाळक्या पानावर पडायचा तो नेमक्या वेळीच पडतो.

ही अडचण परदेशांत प्रथम दोन माणसांनी दोन रीतींनी सोडवली. कार्ल गेऑर्ग शिलिंग्स या जर्मन शिकाऱ्याने पूर्व आफ्रिकेत रात्री दावणीला जनावर बांधून त्यावर येणाऱ्या सिंहांची छायाचित्रे मॅग्नेशियमच्या लखलखाटात घेतली. १९०५ साली निघालेल्या त्याच्या पुस्तकाच्या नावात दिव्याचा लखलखाट आणि रायफल शेजारी शेजारी आहेत, आणि तो दोन्ही वापरीत असे. जॉर्ज शिरास हा अमेरिकन वकील मुळात हरणांचा शिकारी. रात्री होडीच्या नाळेवर दिवा लावून तळ्याकाठी जायचे, उजेडात हरणाचे डोळे चमकले की बार काढायचा, ही तेथील आदिवासींची जुनी रीत. शिरासने होडी तीच ठेवली, दिवा तोच ठेवला, काठावर सरकण्याची कलाही तीच ठेवली. फक्त बंदुकीच्या जागी कॅमेरा आणि मॅग्नेशियमची भुकटी आणली. त्याची ७४ छायाचित्रे १९०६ च्या जुलैमध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाने छापली. शिकारीचे सगळे कसब कॅमेऱ्याच्या उपयोगी पडते, हे त्याने सिद्ध केले. काही चित्रांत त्याने आणखी पुढचे पाऊल टाकले: जनावराच्या वाटेवर दोरा ताणून ठेवला. जनावराने दोरा ओढला की झडप उघडते आणि उजेड पडतो.

आपल्याकडे हा दोरा नेला तो फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन यांनी. संयुक्त प्रांतांत वनखात्यात ते अधिकारी होते. हिमालयाच्या पायथ्याची शिवालिकची जंगले हे त्यांचे कार्यक्षेत्र. त्यांच्या हुद्द्याच्या माणसाला शिकारीची मुभा आणि साधने दोन्ही होती. तरी त्यांचे मन बंदुकीत रमले नाही. १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ या ग्रंथात त्यांनी रात्री आपल्या वाटेने निर्धास्त चालणारे वाघ दाखवले. १९३४ साली त्यांचे दुसरे पुस्तक आले.

चॅम्पियन यांची निवड नीट पाहण्यासारखी आहे. त्यांनी लांब भिंग सोडून दिले, कारण जनावर कॅमेऱ्यापासून काही हातांवर येणार होते. जलद झडपही सोडून दिली, कारण अंधारात दुसरा उजेडच नव्हता; मॅग्नेशियम जळेल तेवढ्याच क्षणात चित्र उमटायचे. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्या क्षणी आपण तेथे हजर असण्याचा हट्ट त्यांनी सोडला. शिकाऱ्याच्या दृष्टीने हा त्याग किती मोठा आहे ते लक्षात घ्या. शिकारीचे सारे सुख जनावर समोर येण्याच्या क्षणात असते. चॅम्पियन त्या वेळी आपल्या मुक्कामावर असत. त्यांना लागणारे कौशल्य आधीच्या दिवसाचे होते: पायवाटेवरचे ठसे वाचायचे, वाघ नदीचे पात्र कोठे ओलांडतो ते ओळखायचे, दोरा कोठे बांधावा, भिंगाचा रोख किती उंचीवर ठेवावा हे ठरवायचे. हे सगळे शिकाऱ्याचेच ज्ञान आहे. दोऱ्याला मात्र वाघ आणि साळिंदर यांतला भेद कळत नाही. आणि भुकटी एकदा जळली की पुन्हा कोणी ती भरेपर्यंत कॅमेरा आंधळा. मागून वाघाऐवजी वाघाचा बाप आला तरी त्याचे चित्र निघणे नाही.

या खटाटोपातून एक गोष्ट हाती आली, ती बंदुकीने कधीच आली नसती. एकाच वाटेवरची निरनिराळ्या रात्रींची चित्रे शेजारी ठेवल्यावर वाघाच्या अंगावरचे पट्टे प्रत्येक जनावरात वेगळे असतात आणि त्यांवरून तेच जनावर पुन्हा ओळखता येते, हे चॅम्पियन यांच्या ध्यानात आले. मारलेला वाघ दुसऱ्यांदा भेटत नाही. त्यामुळे हजारो कातडी पाहिलेल्या शिकाऱ्यांना या गोष्टीचा उपयोग करण्याची वेळच आली नव्हती.

चॅम्पियन यांच्या चित्रांनी जिम कॉर्बेट यांना कॅमेऱ्याकडे वळवले. कॉर्बेट यांचे नाव घेतले की आपल्याला नरभक्षक वाघ आठवतात. परंतु ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ या १९४४ च्या पुस्तकाच्या अखेरीस त्यांनी छायाचित्रणाविषयी लिहिले आहे, ते वाचक बहुधा घाईने उलटून जातो. चांगल्या छायाचित्राचा आनंद शिकारीच्या स्मृतिचिन्हाहून मोठा असतो, आणि स्मृतिचिन्ह केवळ ते मिळवणाऱ्याचे असते, छायाचित्र मात्र सर्वांचे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. १९२८ साली त्यांना एका मित्राकडून बेल अँड हॉवेल कंपनीचा १६ मिलिमीटरचा चलच्चित्र कॅमेरा भेट मिळाला.

चॅम्पियन यांच्या अगदी उलट ही निवड. येथे हजर राहणे अपरिहार्य होते, आणि तेही दिवसाउजेडी. किल्ली देऊन चालणाऱ्या या कॅमेऱ्यात शंभर फूट फीत मावते. एका फुटात चाळीस चित्रे. सेकंदाला सोळा चित्रे या वेगाने शंभर फूट संपतात चार मिनिटे दहा सेकंदांत. दिवसभर बसून मिळालेल्या वाघासाठी एवढाच वेळ. आणि हा कॅमेरा चालताना घरघरतो. चाप दाबल्यावर बंदुकीचा आवाज होतो तेव्हा काम झालेले असते. येथे आवाज झाला की काम सुरू होते, आणि तेवढ्यात वाघ निघून जातो. कॉर्बेट यांनी काही वर्षे या अडचणीशी झुंज दिली. शेवटी त्यांनी जंगलात एका ओढ्याकाठी आपली ‘चित्रशाळा’ केली. ओढ्याला बांध घालून पाण्याचा खळाळ असा वाढवला की त्यात कॅमेऱ्याची घरघर बुडून जावी. मग महिनोन् महिने धीर धरून तेथे वाघांना ये-जा करण्याची सवय होऊ दिली. अखेर सात वाघ त्यांच्या फितीवर आले. यंत्र बदलता येत नाही म्हणून ओढ्याचा आवाज बदलणारा हा माणूस मला त्यांच्या नरभक्षकांच्या कथांतील शिकाऱ्याइतकाच थोर वाटतो.

पुढच्या पिढीतील दोघांचा उल्लेख केल्याविना पुढे जाववत नाही. आसामातील चहाच्या मळ्यांत आयुष्य घालवलेले ई. पी. जी हे शिकार सोडून कॅमेऱ्याकडे आले. त्यांचे ‘द वाइल्ड लाइफ ऑफ इंडिया’ हे १९६४ चे पुस्तक अनेकांना ठाऊक आहे. दुसरे मद्रासचे एम. कृष्णन. बाजारात मिळणारा कोणताच कॅमेरा त्यांच्या कामाला पुरेसा वाटेना, तेव्हा निरनिराळ्या यंत्रांचे व भिंगांचे भाग जोडून त्यांनी आपला स्वतःचा कॅमेरा तयार केला आणि त्याच्या अवजडपणाची थट्टा करीत त्याला ‘सुपर पोन्डेरोसा’ असे नाव दिले. चित्रे कृष्णधवलच. हलके ओझे त्यांनी सोडले, रंग सोडले. जनावराचा आकार आणि त्याच्या भोवतीचे रान मात्र सोडले नाही. ‘कोणता कॅमेरा घ्यावा’ या प्रश्नाला याहून प्रामाणिक उत्तर मला माहीत नाही.

हवेविषयी थोडे. आपल्या हवेत कॅमेऱ्याचा खरा शत्रू वाघ नव्हे, बुरशी आहे. पावसाळ्यात चामडी पिशवीत बंद करून ठेवलेल्या भिंगावर आतून जाळे धरते आणि मग ते पुसता येत नाही. चामडे ओल धरते, म्हणून कॅमेरा पिशवीबाहेर, उजेड येईल अशा कोरड्या जागी ठेवावा. सिलिका जेल सहज मिळत नव्हते त्या काळी भाजलेले तांदूळ पुरचुंडीत बांधून डब्यात ठेवीत. ते ओल शोषून घेतात. उन्हाळ्यात धुळीचा ताप, आणि तापलेल्या गाडीत फिल्म खराब होण्याची धास्ती. रायफलीला रोज संध्याकाळी तेल देणारा शिकारी कॅमेरा मात्र महिनाभर पेटीत विसरून जाई.

आज फिल्म जवळजवळ गेली. आरसा नसलेले, अजिबात आवाज न करणारे डिजिटल कॅमेरे निघाले आहेत. कॉर्बेट यांना बांध घालावा लागला नसता. ज्या देशांत शिकार कायदेशीर आहे तेथे टोपीवर किंवा बंदुकीच्या नळीवर बसवायचे चिमुकले कॅमेरेही मिळतात, आणि दोन हातांची जुनी अडचण त्यांनी सोडवली आहे असे म्हटले जाते. मला ते पटत नाही. नळीवर बसवलेला कॅमेरा नळी रोखली असेल तेवढेच पाहतो. जनावर झाडीत दिसण्यापूर्वीचा काळ आणि बार झाल्यानंतरचा काळ त्याच्या चौकटीबाहेर राहतो. दीनदयाळांच्या काचेवर वाघ मेलेला होता. येथे तो मरताना दिसतो. नोंद म्हणून यात भर किती पडली, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आपल्या कायद्याने या बाबतीत एक बारकावा दाखवला आहे, तो कॅमेरा घेऊन अरण्यात जाणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा. १९७२ च्या अधिनियमात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या केवळ मारण्यापुरती नाही. जनावराला हाका करून हुसकणे, फासे लावणे, आमिष बांधणे यांचाही तीत समावेश आहे. अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवाना मिळतो. परंतु चित्र चांगले यावे म्हणून कोणी बोकड बांधला तर हाती बंदूक नसतानाही तो शिकारी ठरतो. शिलिंग्सची रीत आज येथे गुन्हा होईल. शोभेची छायाचित्रे पाहताना जनावर तेथे आपणहून आले होते की आणले होते, असा प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. चित्र स्वतः ते सांगत नाही.

आणि नोंद म्हणजे नुसते चित्र नव्हे, हेही ओघाने आलेच. जुन्या विजयचित्रांत वाघाची एक कूस पुष्कळदा स्वच्छ दिसते. पट्टे मोजता येतील इतकी स्वच्छ. परंतु तारीख नाही, ठिकाण नाही, नर की मादी याचा उल्लेख नाही. असतो तो साहेबाचा हुद्दा. चार आण्यांच्या वहीत दोन ओळी लिहिल्या असत्या तर त्याच चित्रांना आज किंमत आली असती.

दोऱ्याचा कॅमेरा मात्र परत आला. डॉ. उल्हास कारंत यांनी १९९० नंतरच्या वर्षांत कर्नाटकातील नागरहोळे येथे पट्ट्यांवरून वाघ ओळखून त्यांची संख्या अनुमानण्याची पद्धत बसवली. पुढे ती देशभर स्वीकारली गेली. पूर्वी पंजाच्या ठशांवरून मोजणी होई, आणि तिच्यात एकच जनावर दोनदा धरले जाण्याचा संभव मोठा होता. २०१८ सालच्या राष्ट्रीय मोजणीत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्यांनी काढलेल्या सुमारे साडेतीन कोटी चित्रांपैकी ७६,६५१ वाघांची होती, आणि त्यांतून बछडे सोडून २,४६१ वेगवेगळे वाघ ओळखता आले. बाकीच्या कोट्यवधी चित्रांत चितळे, डुकरे, गाई, गवताची पाती आणि वाटेने जाणारी माणसे. दोऱ्याची जागा आता उष्णता ओळखणाऱ्या संवेदकाने घेतली आहे, पण वाघ आणि साळिंदर यांतला भेद त्यालाही कळत नाही. कॅमेरा झाडाला गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधतात. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर असे दोन कॅमेरे लागतात, कारण वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीवरच्या पट्ट्यांशी जुळत नाहीत. एकच बाजू दिसली तर दोन चित्रे एका वाघाची की दोन वाघांची हे सांगता येत नाही. आणि ते कोणत्या वळणावर बांधायचे, हे ठरवण्याकरिता वनरक्षक आजही धुळीत वाकून माग पाहतो.